दोन मिनिटांत मधाची पारख: टेबलावरचं इन्फ्रारेड यंत्र कोकणातला मध कितपत ओळखतं

हिऱ्याची एटीआर खिडकी (नमुना ठेवायची जागा) असलेलं, टेबलावर मावणारं एफटीआयआर यंत्र (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं) आणि त्याच्यासोबत विक्रेते देतात ती मधाच्या 'मॉडेल'ची (आलेखावरून टक्केवारी काढणाऱ्या गणिताची) फाइल, अशा जोडगोळीचं हे परीक्षण आहे. कुठल्या एका कंपनीचं नाही. या जातीची यंत्रं एकमेकांची भावंडं आहेत आणि त्यांचे गुणदोषही बरेचसे सारखे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मध संकलन केंद्राने, शेतकरी कंपनीने किंवा मध भरून विकणाऱ्या छोट्या युनिटने हे घ्यावं का, एवढाच प्रश्न.

ओलावा आणि साखरा मोजायला घेत असाल तर जरूर घ्या. स्क्रीनवरच्या 'शुद्ध / भेसळयुक्त' या हिरव्या-लाल पट्टीसाठी घेत असाल तर पुढचं वाचूनच चेक फाडा.

काम कसं चालतं ते दोन ओळींत. खिडकीवर मधाचा थेंब ठेवला की खालून आलेला इन्फ्रारेड किरण हिऱ्याच्या आतल्या आत उसळी खातो आणि जाता जाता मधात एक-दोन मायक्रॉन डोकावून येतो. तेवढ्या थरातले पाण्याचे, फ्रुक्टोजचे, ग्लुकोजचे बंध आपापल्या लहरी शोषतात. शोषणाचा आलेख निघतो आणि सॉफ्टवेअर त्यावरून टक्केवारी काढतं. मधाचं सगळं नाट्य ११५० ते ८०० या तरंगांकांच्या (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या) पट्ट्यात घडतं. १०३० च्या आसपास उंच शिखर, त्याच्या डाव्या अंगाला १०५५-१०६० जवळ फुगवटा, उजवीकडे ९९० ला खांदा, मग ८६५ आणि ८१८ ला फ्रुक्टोजच्या दोन छोट्या टेकड्या. फ्रुक्टोज जास्त असलेल्या, सहसा न गोठणाऱ्या मधात डावीकडचा फुगवटा वर येतो. साधी साखर मिसळली असेल तर ९९५ चा खांदा टोकदार होऊ लागतो आणि ९२५ ला उंचवटा दिसतो. पाण्याची खूण वेगळीच, १६४० ला. हा आलेख डोळ्यांनी वाचायला शिकायला आठवडाभर पुरतो. शिकाच. कारण सॉफ्टवेअर फक्त आकडा देतं, बिघाड आलेखात दिसतो.

आता एकेका आकड्यावर किती विसंबायचं ते.

ओलावा: पाचपैकी साडेचार. एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा २० टक्के आहे आणि कोकणात खरी लढाई याच आकड्याशी आहे. सातेरीचा (आपल्या पाळीव देशी माशीचा) मध मुळातच पातळ. त्यात किनाऱ्याची दमट हवा, आणि घाईने काढलेल्या चौकटी. २१-२२ टक्के ओलाव्याचा अस्सल मध इथे काही नवलाचा नाही, पण तो कायद्यात बसत नाही आणि बरणीत आंबतो. नीट कॅलिब्रेट केलेलं यंत्र ओलावा इतका जवळचा देतं की मधपाळाला उभ्या उभ्या सांगता येतं, या कोठीतल्या चौकटी अजून चार-सहा दिवस ठेवा, दोन तृतीयांश घरं तरी मेणाने बंद होऊ द्या. प्रयोगशाळेचा अहवाल आठ दिवसांनी येतो. तोवर मध कॅनमध्ये ओतून झालेला असतो.

पण हेही खरं की नुसत्या ओलाव्यासाठी लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही. दीड-दोन हजारांचा मधाचा रिफ्रॅक्टोमीटर तेच काम करतो, फक्त तापमान सांभाळावं लागतं. २० अंशांना अपवर्तनांक (मधातून जाताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.४९१५ आला तर ओलावा १८ टक्के. अंशागणिक ०.०००२३ ची दुरुस्ती करायची, म्हणजे दर अंशाला ओलाव्यात साधारण ०.०९ टक्क्यांचा फरक. मे महिन्यात ३२ अंशांच्या खोलीत दुरुस्ती न करता वाचला, तर १९.५ टक्क्यांचा मध २०.६ दिसतो आणि चांगला माल परत जातो. आपोआप तापमान दुरुस्त करणारा घ्या, आणि इन्फ्रारेड यंत्र घेतलं तरी हा शेजारी ठेवाच. दोघांचे आकडे अर्ध्या टक्क्याहून जास्त फाकले की समजावं, कुठेतरी घोळ आहे.

साखरा: पाचपैकी चार. फ्रुक्टोज, ग्लुकोज आणि त्यांचं गुणोत्तर (नियमात ०.९५ ते १.५०) यंत्र चांगलं देतं. सुक्रोजची मर्यादा ५ टक्के. १०-१२ टक्के सुक्रोज असेल तर यंत्र हमखास पकडतं, पण ४ की ६ हे ठरवताना त्याची चूक या फरकापेक्षा फार लहान नसते. त्या पट्ट्यातला नमुना एचपीएलसीला (साखरा वेगळ्या करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला) पाठवायचा, तिथेच वाद घालत बसायचं नाही.

आम्लता आणि विद्युतवाहकता: साडेतीन. या गोष्टी आलेखात थेट दिसत नाहीत, मॉडेल त्या आडवळणाने ताडतं. चाळणी म्हणून चालतं.

एचएमएफ (मध तापला की वाढणारं संयुग): शून्य. इथे विक्रेत्याच्या माहितीपत्रकाकडे दुर्लक्ष करा. मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.००८ टक्के. त्याच किलोत साखरा सुमारे ७००-८०० ग्रॅम. ढोल-ताशात बासरी शोधण्यातला प्रकार. स्क्रीनवर एचएमएफचा आकडा झळकत असेल तर तो बहुतेक मधाच्या इतर गुणांवरून बांधलेला अंदाज असतो. आणि कोकणात हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पातळ मध 'आटवण्याची' सवय आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली रचलेले कॅन, दोन्हींनी एचएमएफ चढतं. त्यासाठी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (२८४ आणि ३३६ नॅनोमीटरवरची पद्धत) किंवा एचपीएलसीच हवं. डायस्टेज आणि प्रोलिनचीही तीच कथा. प्रोलिन अमिनो आम्ल आहे, डायस्टेज एन्झाइम. दोन्ही इतकी कमी की साखरेच्या गर्दीत हरवतात.

कीटकनाशकं आणि प्रतिजैविकं यांबद्दल तर विचारूच नका. देवगड-राजापूरच्या हापूस बागांत मोहोरावर फवारण्या होतात आणि मधपेट्या त्याच परिसरात असतात, त्यामुळे हा प्रश्न ग्राहक विचारतोच. ते प्रमाण अब्जांशात मोजायचं असतं. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

आता मोठा मुद्दा, भेसळ. माहितीपत्रकात सगळ्यात मोठ्या अक्षरात हाच असतो.

यंत्राला भेसळ 'दिसत' नाही. त्याला एवढंच कळतं की समोरचा आलेख त्याच्या संग्रहातल्या आलेखांच्या घोळक्यात बसतो की बाहेर पडतो. विक्रेत्याचा संग्रह बहुधा युरोपातल्या मेलिफेरा माशीच्या मधांचा असतो: अकेशिया, रेपसीड, सूर्यफूल. त्यात आपला जांभळाचा मध नाही, करंजाचा नाही, हिरडा-ऐनाचा नाही, सातेरीचा तर नाहीच. मग दोडामार्गच्या रानातला बावनकशी गडद मध टाकला की लाल पट्टी. ते निदान नव्हे, ती अनोळख. पोयाच्या माशीचा (नांगी नसलेली ट्रायगोना) आंबटसर, पाणीदार मध तर या परीक्षेत बसवूच नये. ऑस्ट्रेलिया-मलेशियातल्या नांगीविरहित माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची वेगळीच साखर मोठ्या प्रमाणात असते हे २०२० साली समोर आलं. मेलिफेराच्या मॉडेलला ती साखर ठाऊकच नसेल, तर ते दुसरं काय सांगणार?

उलट बाजूही तितकीच कच्ची. गुळाचा किंवा साखरेचा पाक ओतलेला मध यंत्र पकडतं, कारण त्यात सुक्रोज शिल्लक असतं. पण साखर आम्लाने किंवा एन्झाइमने फोडून केलेला इन्व्हर्ट पाक म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच, मधाच्याच साखरा. त्याची १० टक्क्यांच्या आतली मिसळ सुटून जाऊ शकते हे धरूनच चाला. तांदळाचं सिरप मधासारखं बेतून बनवता येतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये सीएसईने (दिल्लीतल्या पर्यावरण संस्थेने) १३ ब्रँडचे नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या चाचणीने) तपासून घेतले तेव्हा त्यातले १० नापास झाले, आणि त्यातले अनेक इथल्या नेहमीच्या चाचण्यांत पास झालेले होते. इन्फ्रारेड हे एनएमआरची जागा घेणारं हत्यार नाही. निर्यातीची गोष्ट असेल तर एनएमआर आणि समस्थानिकांची (कार्बनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजणारी) चाचणी टळत नाही.

इथे एक खास कोकणी गोम आहे. जून ते सप्टेंबर फुलोरा नसतो, तेव्हा वसाहत जगवायला साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक देतात. यात गैर काही नाही. पण मोसमाच्या तोंडावर तो थांबवला नाही तर पाक मधकोठीत साठतो. माशी आपल्या एन्झाइमने सुक्रोज फोडते, त्यामुळे सुक्रोजचा आकडा खाली येतो आणि इन्फ्रारेड यंत्र 'ठीक' म्हणतं. समस्थानिकांची चाचणी मात्र फसत नाही. ऊस सी४ वनस्पती (बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या रीतीने कार्बन घेणारी). तिच्या कार्बनची खूण माशीच्या पोटातून गेली तरी पुसली जात नाही. सी४ साखरेची मर्यादा ७ टक्के आहे. म्हणजे कोणीही लबाडी केलेली नसताना, केवळ पाक वेळेवर न थांबवल्याने लॉट नापास होऊ शकतो, आणि केंद्रावरच्या यंत्राने त्याला आधी हिरवा दिवा दाखवलेला असतो. म्हणून मोसमातल्या पहिल्या काढणीचा मध नेहमी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावा.

(पाण्यात थेंब सोडून बघणं, काडी मधात बुडवून पेटवणं, कुत्रा खातो का बघणं: यातून मधाचा घट्टपणा कळतो, फार तर. घट्ट पाक पास होतो आणि सातेरीचा खरा पातळ मध नापास. गोठलेला मध भेसळीचा, ही समजूतही त्याच माळेतली.)

यंत्राला इथला मध शिकवता येतो, आणि खरेदीचा निर्णय त्यावरच करावा. किमान ६० नमुने, शक्यतो ८०, दोन मोसमांत विभागलेले. प्रत्येक नमुना डोळ्यांदेखत, मेणबंद चौकटीतून, मधयंत्राने काढलेला. तालुका, तारीख, मुख्य फुलोरा आणि माशीची जात नोंदवलेली. प्रत्येकी २५० ग्रॅम घ्या: अर्धा प्रयोगशाळेला (ओलावा, साखरा एचपीएलसीने, आम्लता), उरलेला यंत्राला आणि राखणीला. दोन तृतीयांश नमुन्यांवर मॉडेल बांधायचं, एक तृतीयांशावर तपासायचं, आणि तपासणीचे नमुने शक्यतो दुसऱ्या मोसमातले असावेत. एकाच मोसमातले नमुने दोन्हीकडे वाटले की चूक फसवी कमी दिसते आणि पुढच्या मार्चला मॉडेल तोंडावर पडतं. मग त्याच अस्सल मधांत मुद्दाम गुळाचा पाक, साखरेचा पाक, इन्व्हर्ट पाक आणि तांदळाचं सिरप ५, १०, १५, २० टक्के मिसळून बघायचं, कुठल्या टक्क्यापासून यंत्र ओळखू लागतं. तो टक्का भिंतीवर लिहून ठेवा. विक्रेत्याच्या कुठल्याही दाव्यापेक्षा तो आकडा कामाचा.

सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. काही विक्रेते मॉडेलची फाइल कुलूपबंद देतात. स्वतःचे नमुने घालायचे तर पुन्हा परवान्याचे पैसे. असं यंत्र कोकणासाठी घेऊ नये. कच्चा आलेख साध्या मजकूर फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हे करारात लिहून घ्या.

रोजची पद्धत अशी. यंत्र तासभर आधी चालू करायचं. कायम चालू ठेवलं तर उत्तमच, आतला भाग उबदार राहिला की दमट हवा बाधत नाही. नमुन्याची बाटली झाकण घट्ट लावून ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, गोठलेला असेल तर सगळे कण विरघळेपर्यंत. अर्धा मिलिमीटर जाळीतून गाळायचा, काचेच्या कांडीने सावकाश ढवळायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. ढवळणं टाळू नका: पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढते आणि वरचा थर पातळ होतो. मग रिकाम्या खिडकीचा पार्श्वभूमी आलेख घ्यायचा, दर नमुन्याआधी नवा. वाटाण्यापेक्षा लहान थेंब हिऱ्यावर, खिडकी पूर्ण झाकेल इतकाच. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायला मिनिटभर. ४ च्या विभेदनाने (आलेख किती बारकाईने घ्यायचा त्याचं माप) ३२ स्कॅन, साधारण एक मिनिट. थेंब पुसून दुसरा थेंब, पुन्हा वाचन. दोन वाचनांतला ओलावा ०.२ हून जास्त फाकला तर तिसरं.

पुसण्यात सगळे चुकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशी असतं म्हणून आधी तेच लावतात, आणि मधाच्या साखरा त्यात जेमतेम विरघळतात, त्यामुळे हिऱ्यावर चिकट पापुद्रा पसरतो. पुढचा नमुना त्याच पापुद्र्यावर बसतो. आधी कोमट पाणी, दोनदा, धागे न सुटणाऱ्या कागदाने. शेवटी अल्कोहोल, ते फक्त वाळवायला. मग रिकाम्या खिडकीचा आलेख सपाट आहे ना, एवढं बघायचं. १०३० ला बारीकसा उंचवटा दिसला तर साखर उरली आहे.

आलेखात बिघाड कसे ओळखायचे तेही सांगून ठेवतो. ग्लुकोज अचानक जास्त आणि ओलावा कमी: बारीक कण विरघळलेले नाहीत आणि नेमके हिऱ्यावर बसलेत, नमुना पुन्हा गरम करा. २९१८ आणि २८५० ला अणकुचीदार जोडशिखरं, सोबत १७३५: मेण. पोळं पिळून काढलेल्या आग्याच्या मधात हे हमखास येतं. १५४५ च्या आसपास उंचवटा: प्रथिनं, म्हणजे पिळताना अळ्याही पिळल्या गेल्या. असा मध साखरांत पास झाला तरी घेऊ नये, तो लवकर आंबतो. २३५० ला वर किंवा खाली टोक: आलेख घेताना कोणीतरी यंत्रावर वाकून श्वास सोडत होतं. काळजीचं कारण नाही, पार्श्वभूमी पुन्हा घ्या. १९०० ते १३०० मध्ये बारीक बारीक काटे: आतल्या हवेत वाफ शिरली, सिलिका जेल संपलं.

या शेवटच्या काट्यांमुळेच कोकणात यंत्राच्या रचनेकडे दोनदा बघावं लागतं. जुन्या पद्धतीच्या यंत्रात किरण विभागणारी काच पोटॅशियम ब्रोमाइडची असते, म्हणजे मिठासारखंच पाणी शोषणारी. जुलैतल्या मालवणात आठ दिवस वीज गेली आणि सिलिका जेल बदललं नाही तर ती धुरकट होते, आणि तिची दुरुस्ती स्वस्त नसते. झिंक सेलेनाइडची काच असलेलं यंत्र मागा. नमुन्याच्या खिडकीसाठी मात्र झिंक सेलेनाइड नको, तिथे हिराच हवा. झिंक सेलेनाइडला साधारण ५ ते ९ पीएचच मानवतो आणि मधाचा पीएच ३.५-४.५ च्या घरात, शिवाय एखाद्या वाळूच्या कणाने ओरखडा पडतो तो वेगळाच. सोबत यूपीएस आणि सिलिका जेलचे दोन संच, एक वापरात, एक ओव्हनमध्ये वाळवलेला.

रोज सकाळी एक ठरलेला मध वाचायचा. चांगला, न गोठणारा दोन किलो मध एकदाच नीट मिसळून छोट्या बाटल्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. दर आठवड्याला एक बाटली काढा. तिचा ओलावा ठरलेल्या आकड्यापासून ०.३ हून जास्त हलला तर त्या दिवशी कोणाचाही मध मोजू नये.

हातात धरायच्या एनआयआर (दृश्य प्रकाशालगतच्या इन्फ्रारेडवर चालणाऱ्या) उपकरणांबद्दलही विचारणा होते. स्वस्त आहेत, बाटलीबाहेरूनही वाचतात. पण पाण्याच्या ठळक खुणा १४५० आणि १९४० नॅनोमीटरला, आणि स्वस्तातली बरीच उपकरणं ११०० च्या आतच थांबतात. साखरांच्या खुणा तिथे एकमेकांत मिसळलेल्या, त्यात काचेची जाडी आणि तापमान गोंधळ घालतात. पाचपैकी दीड.

खर्चाचं गणित सरळ आहे. एफटीआयआर यंत्र दहा लाखांच्या पुढे जातं आणि स्थानिक मॉडेलसाठी संदर्भ चाचण्यांचा खर्च वेगळा. तो बजेटमध्ये न धरणारे बरेच. जांभूळ-करंजाच्या मोसमात दिवसाला चार-पाच नमुने येणाऱ्या एकट्या केंद्राने या फंदात पडू नये: रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि लॉट तयार झाला की एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवावा. चार-पाच केंद्रांनी मिळून एक यंत्र कुडाळ किंवा चिपळूणसारख्या मधल्या ठिकाणी ठेवलं, दिवसाला ३०-४० नमुने वाचले आणि एकच माणूस ते सांभाळायला नेमला, तर जमतं. दर पाळीला माणूस बदलला की हिरा पुसण्याची पद्धतही बदलते. आणि या यंत्राचा कागद दाखवून अन्न सुरक्षा अधिकाऱ्यापुढे वाद जिंकता येत नाही. कायद्याने मानलेल्या पद्धतींनी केलेला अहवालच तिथे चालतो.

डेमोला जाताना चार बाटल्या घेऊन जा, नावं न घालता, फक्त आकडे टाकून. एकीत स्वतः काढलेला जांभळाचा मध. दुसरीत तोच मध, १५ टक्के इन्व्हर्ट पाक मिसळून. तिसरीत पिळलेला आग्या. चौथीत पहिलाच मध पुन्हा. पहिल्या आणि चौथ्या बाटलीचे आकडे जुळले नाहीत तर चहा पिऊन परत या. ते जुळले आणि दुसरी बाटली हिरवी आली, तर ओलाव्याच्या यंत्राला जेवढे द्याल तेवढ्यावरच भाव पाडून मागा.